सायकलच्या दुकानातून दिसलेली वाई

(माजी विद्यार्थी, दहावी १९८२)

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि मला आधी आमचं सायकलचं दुकान आठवलं. गंगापुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याचं दोन खणी दुकान. शाळा सुटली की दप्तर तिथेच टाकायचो, आणि वर्गात अर्धवट राहिलेली गोष्ट बरेचदा तिथे पुरी व्हायची. म्हणून शाळेबद्दल लिहिताना दुकानाबद्दल आणि वाईबद्दलही लिहितो आहे. मला ही तिन्ही वेगवेगळी काढता येत नाहीत.

बाहेरगावच्या माणसाला वाई म्हटलं की ढोल्या गणपती, कृष्णेचे सात घाट आणि पसरणीचा घाट चढण्याआधीचा एसटीचा थांबा एवढंच आठवतं. दक्षिण काशी म्हणून गावाची ख्याती. देवळं, वाडे, शास्त्री-पंडित. असं गाव जुन्या वळणाचं असणार, असा कोणाचाही समज व्हावा. पण आम्ही ज्या गावात वाढलो ते याच शास्त्री-पंडितांनी आतून मोकळं करून ठेवलं होतं. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी इथे प्रज्ञा पाठशाळा उभी केली. १९१७ साली विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला त्यांच्याकडे आले. खानदेशातल्या पिंपळनेरचा एक मुलगा याच पाठशाळेत शिकला आणि १९२३ साली कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी मिळवून आला. ते लक्ष्मणशास्त्री जोशी. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे शास्त्रातूनच दाखवायच्या कामी ते गांधीजींच्या मदतीला गेले. १९३३ साली पुण्यात देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचं पौरोहित्य त्यांनी केलं. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार, १९५५ सालचा, त्यांना मिळाला. पुढे ते मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले, आणि एवढ्या मोठ्या कामाचं कार्यालय मुंबई-पुणं सोडून आमच्या वाईत थाटलं गेलं.

हे सगळं मला नंतर वाचून कळलं. लहानपणी कळत होतं ते एवढंच, की गावात बाहेरून बरीच माणसं राहायला आली आहेत, ती दिवसभर वाचतात आणि लिहितात, आणि त्यांच्या सायकली आमच्याकडे दुरुस्तीला येतात. गावातले लोक त्यांना ‘कोशातले’ म्हणायचे. कोणी रसायनशास्त्राचे, कोणी इतिहासाचे, कोणी संस्कृतचे. आमचे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, चौथीपर्यंत शिकलेले. पंक्चरचं ठिगळ वाळेपर्यंत गिऱ्हाइकाला बाकावर बसावंच लागायचं आणि भाऊंना बोलायची हौस. त्यामुळे आमच्या बाकावर जे बोलणं चालायचं ते इतर गावांत सायकलच्या दुकानात चालत असेल असं मला वाटत नाही. प्रज्ञा पाठशाळेचं ‘नवभारत’ मासिक कोणीतरी वाचून दुकानात ठेवून जायचं. भाऊ ते दुपारच्या मोकळ्या वेळात ओळीखाली बोट धरून वाचायचे. अडलं की संध्याकाळी येणाऱ्याला विचारायचे. विचारण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही आणि सांगणाऱ्यानेही कधी आढ्यता दाखवली नाही.

एक प्रसंग मला स्वच्छ आठवतो. विज्ञान विभागात काम करणारे एक गृहस्थ आमचे नेहमीचे गिऱ्हाईक होते. एका रविवारी सकाळी ते सायकल न घेता, हातात जाड कागद आणि पेन्सिल घेऊन आले. दातेरी चाकांवरच्या कुठल्याशा नोंदीसाठी आकृती काढायची होती आणि फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकतीच्या, आत नेमकं काय असतं ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. भाऊंनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, एक जुनं फ्रीव्हील रॉकेलमध्ये धुऊन घेतलं आणि वरची चकती उलटी फिरवून ते उघडलं. बारीक छर्रे कागदावर घरंगळले. ते गोळा करायचं काम माझं. आत दोन छोटे कुत्रे, म्हणजे दातांत अडकणारे खटके, त्यांच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगा आणि बाहेरच्या कड्याला आतून तिरपे दाते. भाऊंनी बोटाने कडं फिरवून दाखवलं. एका बाजूला फिरवलं की कुत्रे दातांत अडकतात आणि चाक ओढलं जातं. उलट फिरवलं की दातांवरून नुसते घसरतात आणि कट-कट आवाज येतो. ते गृहस्थ पायजम्याला काळे डाग लागत असताना उकिडवे बसून आकृती काढत होते. झाल्यावर त्यांनी कागद भाऊंपुढे धरला. भाऊंनी बराच वेळ निरखून सांगितलं, “दाते उलटे पडलेत साहेब. असं असेल तर पायडल मारलं तरी सायकल जागची हलायची नाही.” त्यांनी पुन्हा कडं हातात घेऊन फिरवून बघितलं, खोडरबराने सगळे दाते पुसले, नव्याने काढले आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.” बस्स, एवढंच. आभारप्रदर्शन नाही की कौतुकाचं भाषण नाही. ज्याला माहीत आहे त्याने सांगायचं आणि ज्याला माहीत नाही त्याने ऐकायचं. त्यात पदवीचा, जातीचा आणि वयाचा संबंध नाही. हे मी त्या सकाळी पाहिलं. आपल्या गावाबद्दल मला जी माया आहे तिचं मूळ तिथे आहे.

आणि नेमकी हीच रीत आपल्या शाळेत होती. कोशातल्या लोकांची मुलं आमच्या वर्गात होती, तशी हळदीच्या व्यापाऱ्यांची, पुजाऱ्यांची, पसरणी-मेणवलीच्या शेतकऱ्यांची आणि माझ्यासारख्या कारागिरांचीही होती. बाकावर शेजारी कोण बसणार हे सर दर महिन्याला बदलायचे. प्रश्न विचारला म्हणून कोणी दटावल्याचं मला स्मरत नाही. उत्तर येत नसेल तर सर सरळ सांगायचे, “मला नक्की ठाऊक नाही, उद्या विचारून सांगतो,” आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारून यायचे. कोणाला विचारणार याची गावात चिंता नव्हतीच. कधी कधी तर चिठ्ठी देऊन आम्हालाच पाठवायचे. चौथ्या इयत्तेतल्या पोराने ‘धूमकेतूला शेपूट का असतं’ हे विचारायला कोणाच्या घरी जावं आणि त्या घरातल्यांनी त्याला ओसरीवर बसवून, कागदावर सूर्य काढून समजावून सांगावं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. शेपूट सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतं, धूमकेतूच्या पाठीमागेच असतं असं नाही, हे मला त्या ओसरीवर कळलं.

भूगोलाचे सर पावसाळ्यात एकदा वर्ग घेऊन गणपती घाटावर गेले. कृष्णा दुथडी भरून चालली होती, पाणी गढूळ. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधलं, हे आम्हाला पाठ होतं. सरांनी आम्हाला देवळाच्या मागच्या बाजूला, पुलावरून दिसेल असं उभं केलं. तिथली भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी त्या टोकावर येऊन दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. सपाट भिंत असती तर काय झालं असतं, असं विचारून सर गप्प बसले. आम्ही अर्धा तास नुसता वाद घातला. पुढे मी पाटबंधारे खात्यात गेलो, नोकरीभर पाण्याशी आणि पाण्यात उभ्या राहणाऱ्या खांबांशी माझी गाठ पडली. पुलाच्या खांबाला पाण्याच्या दिशेने गोलाई किंवा टोक का देतात, हे कॉलेजच्या पुस्तकात आलं तेव्हा ते मला नवीन नव्हतं.

मराठीच्या बाईंबद्दल तर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. ग्रंथालयाची कपाटं पुसायची कामगिरी आमच्याकडे आली आणि आम्ही कुरकुर केली की बाई विनोबांची गोष्ट सांगायच्या. वाईला असताना विनोबांनी विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं होतं आणि वाचनालयाला पुस्तकं घ्यायला पैसे हवेत म्हणून ही मुलं लोकांचं धान्य जात्यावर दळून द्यायची. “त्यांनी पुस्तकांसाठी जातं ओढलं, तुम्ही फडकं मारा,” असं बाई म्हणायच्या. १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. तो शाळेत आला तेव्हा बाईंनी आम्हाला हात धुऊन ओळीने उभं केलं आणि प्रत्येकाला एक पान स्वतः उघडायला दिलं. ज्या पानावर बोट पडेल ती नोंद वाचायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला आपल्या शब्दांत सांगायची. हा खेळ पुढे वर्षभर चालला. नंतरचे खंड येत गेले तसा आमचा खेळही वाढत गेला. ज्यांच्या हातच्या नोंदी त्यात होत्या त्यातली काही माणसं आम्हाला रोज रस्त्यात भेटायची. पुस्तकं कोणी तरी माणसं लिहितात, चुकतात, खोडतात, पुन्हा लिहितात, हे आम्हाला कोणी मुद्दाम शिकवावं लागलं नाही.

गणेशोत्सवात शाळेत वादविवाद स्पर्धा असायची. एका वर्षी विषय होता, ‘देव आहे की नाही’. गणपतीच्या मांडवात, साक्षात मूर्तीसमोर! आमच्या वरच्या वर्गातला एक मुलगा ‘नाही’ या बाजूने असा काही बोलला की पाठीमागे बसलेली म्हातारी मंडळीसुद्धा सरसावून ऐकू लागली. त्यांच्यात रोज पहाटे कृष्णेत स्नान करणारे होते, कृष्णाबाईच्या उत्सवात पुढे असणारे होते. भाषण संपलं आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली. पहिला क्रमांक त्याच मुलाला मिळाला आणि नंतरच्या आरतीला झांजाही त्यानेच धरल्या. या दोन्ही गोष्टींत कोणालाच काही वावगं वाटलं नाही. आज एखाद्या शाळेने हा विषय ठेवला तर काय होईल, या विचाराने मला वाईट वाटतं. ते धैर्य आमच्या मुख्याध्यापकांमध्ये होतं आणि ते पेलण्याची ताकद गावात होती.

मे महिन्यात लोकमान्य टिळक ग्रंथालयाची वसंत व्याख्यानमाला. संध्याकाळी उन्हं कलली की पोरं पुढच्या सतरंजीवर जागा धरायची. अर्थशास्त्र, नाटक, शेती, परराष्ट्रधोरण, विषय कोणताही असो. सगळं कळायचं नाही. पण मोठी माणसं शांतपणे तासभर ऐकतात, मग एकमेकांचे मुद्दे खोडतात आणि नंतर एकत्रच घरी जातात, हे दर उन्हाळ्यात पाहत आम्ही मोठे झालो. भाऊ दुकानाला लवकर फळ्या लावून यायचे आणि घरी जाताना मला विचारायचे, “तुला काय पटलं नाही?” काय समजलं, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

वाईत सगळंच गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. पाण्याचा तांब्या वरून ओतणारी घरं आमच्या लहानपणीही होती आणि माझ्या काही मित्रांनी ते सोसलं आहे. पण त्याच गल्लीत, दोन दारं पलीकडे, जेवल्याशिवाय न सोडणारी घरंही होती, आणि शाळा व गाव दोन्ही उघडपणे त्या दुसऱ्या घरांच्या बाजूने उभे होते. मुलाला आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे लवकर कळतं. आम्हाला ते कळलं, याबद्दल मी आमच्या शिक्षकांचा ऋणी आहे.

आता विश्वकोशाचे वीस खंड झाले, ते फोनवरही वाचता येतात. भाऊ गेले, दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. आपली शाळा आहे, ग्रंथालय आहे, आणि त्यासाठीच शेवटी एक विनंती करतो. आमच्या वेळी मेच्या सुट्टीत शाळेचं ग्रंथालय सकाळी दोन तास उघडं असायचं. मध्यंतरी ती पद्धत बंद पडली, असं ऐकलं. ती पुढच्या सुट्टीपासून पुन्हा सुरू करावी. ग्रंथपालांचं सुट्टीतलं मानधन १९८२च्या तुकडीतले आम्ही सगळे मिळून देऊ, तशी चर्चा आमच्यात झाली आहे. विश्वकोशाचे खंड मात्र काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत. मुलांच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर ठेवावेत. पानं फाटली तर नवीन संच आम्ही घेऊन देऊ.