टाच टेकेपर्यंत

आमच्या घरातली वारी सासूबाईंची. 22 वर्षं त्या माउलींच्या रथामागच्या एका दिंडीत चालल्या, डोक्यावर तुळस घेऊन आणि पायांत काही न घालता. 2023 च्या उन्हाळ्यात त्यांचे गुडघे पार गेले. एका संध्याकाळी दिवा लावता लावता म्हणाल्या, "खंड पडायला नको गं. यंदा तू जा." मी हो म्हटलं. तेव्हा मी उजवी टाच उचलून, नुसत्या चवड्यावर उभी होते, आणि ते त्यांनाही दिसत होतं.

टाच दीड वर्ष दुखत होती. मी पोळीभाजीचे डबे देते, रोजचे 40. पहाटे पाचपासून दुपारपर्यंत ओट्यापाशी, शहाबादी फरशीवर उभी. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. भिंत धरून दहा-वीस पावलं टाकली की जरा सैल व्हायचं. डबे गेले की पाच मिनिटं बसायचे, आणि उठले की पुन्हा तोच खिळा. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं, तेव्हापासून मी त्या हाडालाच शिव्या देत होते. फिजिओथेरपीच्या बाईंनी नंतर नीट सांगितलं की असं हाड वाढलेल्या कितीतरी माणसांना काहीच दुखत नाही. दुखतो तो टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळपायाचा पट्टा. रात्रभरात तो आखडतो आणि सकाळी त्यावर एकदम सगळा भार पडतो. प्लांटर फॅशिआयटिस. टाचेत एक इंजेक्शनही झालं होतं. दोन महिने सुखाचे गेले, मग पुन्हा तेच. पुन्हा पुन्हा टोचलं तर टाचेची गादी झिजते, पट्टा तुटूही शकतो, म्हणून डॉक्टर दुसऱ्याला तयार नव्हते. बाईंनी व्यायाम लिहून दिले होते. चार दिवस केले आणि कागद पर्समध्ये गेला. सासूबाई रात्री वीट तापवायच्या, तिच्यावर रुईचं पान ठेवायच्या आणि माझी टाच धरून त्यावर टेकवायच्या. तेवढा तासभर बरं वाटायचं.

आळंदीचं प्रस्थान मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. मी सासूबाईंची तुळस घेतली होती, त्यामुळे चालायचंही त्यांच्यासारखंच, अनवाणी, असं मनाशी ठरवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. पट्ट्याच्या चपला पिशवीच्या तळाशी होत्या, त्या नवऱ्याने माझ्या नकळत टाकलेल्या.

पुण्यात दोन मुक्काम. घर तिथून तीन किलोमीटरवर. गेले नाही. गेले असते तर माझ्याच्याने परत निघणं झालं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं.

पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यात एकादशी. दिवे घाटात माणसं रंगून गेली होती, टाळ एका लयीत, पावली चालली होती, आणि मी विजेचे खांब मोजत होते. देवाचं नाव घ्यायला आलेली बाई खांब मोजते याचं फार वाईट वाटलं, पण मोजणं थांबवता येईना. जेजुरीला टाचेच्या भेगांत भंडारा गेला, तो पुढे चार दिवस निघाला नाही.

राहुटीत माझ्या शेजारी परभणीकडच्या एक मावशी असायच्या. रात्री अडीचला उठायच्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची सळसळ सुरू. काय शोधायच्या कोण जाणे. मला रोज राग यायचा. सामानाचा ट्रक निघायच्या आत वळकटी बांधायची, टँकरपाशी रांगेत उभं राहायचं, आणि त्याआधी ते पहिलं पाऊल. ते मी अंधारात टाकायची, म्हणजे तोंड कसं होतंय ते कुणाला दिसू नये.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. जून अर्धा उलटला तरी ऊन वैशाखाचं. वाल्हे सोडल्यावर, नीरा यायच्या अलीकडे, डांबर तव्यासारखं तापलं होतं. टाच वाचवायची म्हणून मी तीन दिवस चवड्यावर चालत होते, त्याचे पैसे आता मोजावे लागले. उजव्या चवड्याखाली रुपयाएवढा फोड आला होता, तो फुटला. टाच टेकवली की खिळा, चवडा टेकवला की निखारा. पाय कुठे ठेवायचा हेच कळेना. दिंडी पुढे गेली. मागची आली, तीही गेली. आमच्याच दिंडीतले एक गृहस्थ मागे राहिले होते, ते जाता जाता म्हणाले, "माउली, वारी सोसायचीच असते. आमच्या आया-बाया अशाच गेल्या." मी म्हटलं, "तुमच्या पायांत बूट आहेत." भर वारीत, हातात टाळ असताना, या आवाजात. ते काही न बोलता पुढे गेले. पंढरपूरपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रोज हरिपाठानंतर एकमेकांच्या पाया मात्र पडलो.

रस्त्याच्या कडेला लिंबाखाली एक माणूस पोतं अंथरून बसला होता. पुढ्यात ऐरण, रापी, आरी, सोल्युशनचा डबा, जुन्या टायरचे तुकडे. वारकऱ्यांच्या चपला शिवून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही. मी सावलीसाठी टेकले होते. त्याच्यापुढे सात-आठ जण उभे होते. हातातली चप्पल शिवता शिवता त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चप्पल कुठंय?"

"घालत नाही."

"हाय का पन?"

मी पिशवी उपसून चपला काढल्या. त्याने त्या हातात घेतल्या, उलट्या केल्या, कोऱ्या आहेत हे पाहून बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, "पाय करा पुढं."

मी पाय पोटाशी ओढले. फुटलेला फोड, माती, भेगांतला भंडारा. आणि माझ्या वडिलांच्या वयाचा तो माणूस.

"पाय बघितल्याबिगर चप्पल कशी बघू, माउली?"

त्याने पाण्याची बाटली घेऊन माझा पाय धुतला. पिण्याच्या पाण्याने. मग अंगठ्याने टाच दाबत गेला, बाहेरून, मागून, आणि आतल्या बाजूला खालून एका जागी आला तसं माझ्या तोंडातून "माउली!" असं निघालं. डॉक्टरांनी दाबली होती तीच जागा. "हितं," तो म्हणाला, स्वतःशीच. मला चार पावलं चालायला लावलं. पुढच्या रांगेतल्यांना म्हणाला, "जरा दम धरा," आणि कुणी कुरकुरलं नाही.

चपलेच्या आतल्या तळव्यावर त्याने खडूने माझी टाच काढली. रबराचा एक जाड, मऊ तुकडा घेऊन रापीने घोड्याच्या नालासारखा कापला. मधली जागा मोकळी, दुखती जागा बरोबर तिथे यावी अशी. कडा घासून उतरत्या केल्या, सोल्युशन लावलं, वाळेपर्यंत फुंकत बसला. वरून पातळ चामडं, मेणाच्या दोऱ्याने बारीक टाके. मग डाव्या चपलेलाही तसाच. मी म्हटलं, डावा पाय दुखत नाही. "एकच उचलली तर कंबर धरंल की." फोडावर स्वच्छ फडकं बांधायला सांगितलं. अर्धा-पाऊण तास गेला असेल. तेवढ्या वेळात त्याच्या पुढ्यातून किती दिंड्या गेल्या! त्याने प्रत्येक पताका दिसली की रापी खाली ठेवून हात जोडले आणि पुन्हा कामाला लागला.

चपला माझ्या पुढ्यात ठेवल्या तरी मी घालेना. सासूबाई अनवाणी चालल्या, त्यांची तुळस माझ्याकडे आहे, असं काहीतरी मी पुटपुटले. तो उठला, स्वतः खाली वाकला, आणि दोन्ही चपलांचे पट्टे माझ्या पायांत अडकवले. वाद घातला नाही.

मी उभी राहिले. टाच टेकवली. दुखलं, पण खिळा नव्हता. दीड वर्षात पहिल्यांदा मी पूर्ण तळव्यावर उभी होते. मी पैसे काढले, त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी त्याच्या. नाव विचारायचं राहिलंच. माउलींच्या पादुकांचं नीरा नदीत स्नान झालं, गर्दीत त्या दिसल्या का तेही आठवत नाही. पायांत काहीतरी आहे, आणि ते बोलत नाहीये, एवढंच आठवतं.

लोणंदच्या तळावरून घरी फोन केला. चपला घातल्याचं सांगताना मला रडू आलं. सासूबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, पहिल्या वर्षी दिवे घाटात माझा अंगठा तुटला चपलेचा. दुसरी घ्यायला पैसे नव्हते. तशीच चालले. पुढच्या वर्षी लोक म्हणाले, ह्या अनवाणी चालतात. मग कशी घालणार?" 22 वर्षं. एवढी वर्षं त्या घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसायच्या, आणि मी त्याला व्रत समजून बाजूने जायची.

त्या रात्री पर्समधला कागद काढला. पहाटे मावशींची सळसळ सुरू झाली तशी उठून बसले, पण पाय खाली टेकवले नाहीत. पंचा चवड्याला अडकवला, गुडघा सरळ ठेवून अंगाकडे ओढला, तीसपर्यंत आकडे, सोडला, पुन्हा. मग बोटं हाताने मागे ओढून तळवा अंगठ्याने चोळला. मावशींनी पिशव्या सोडून बॅटरी माझ्या पायावर धरली. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीही पदराचं टोक पायाला अडकवून ओढलं, आणि पहिल्या पावलाला माझा खांदा धरला, मी त्यांचा. त्या अडीचला का उठतात ते तेव्हा कळलं. त्यांचे सांधे सैल व्हायला तासभर लागायचा. पिशव्यांत तेलाची बाटली असायची.

तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते. यांतलं काय कुठे झालं ते आता एकमेकांत मिसळलं आहे. चांदोबाचा लिंब आठवतो, तिथल्या रिंगणात माउलींचा अश्व धावला तेव्हा मी टाचा उंचावून पाहिलं. एका गावात चरणसेवेला बसलेल्या कॉलेजच्या मुलींनी पोटऱ्या चोळून दिल्या आणि सांगितलं, पोटरी सैल राहिली तर टाच कमी ओढली जाते, भिंतीला हात टेकून रोज ताणा. माळशिरसला रात्री पुन्हा ठणका लागला, इतका की मी विठ्ठलाशी भांडले. वेळापूरला नव्हता. पायांचं असं रोज वेगळं.

पंढरपुरात पददर्शनाच्या रांगेत उभं राहायचं धाडस झालं नाही. चंद्रभागेत उभी राहिले, कळस पाहिला, हात जोडले. आजूबाजूला ओली वाळू होती, टाच त्यात रुतली आणि दुखली नाही. सासूबाईंची तुळस डोक्यावर होती.

घरी आल्यावर ओट्यापाशी जाड रबरी चटई टाकली. सकाळचा पंचा चुकवला नाही. गोठवलेल्या पाण्याची बाटली दुपारी तळव्याखाली फिरवते. दिवाळीपर्यंत सकाळचं दुखणं निम्म्याने उतरलं, संक्रांतीला एक दिवस उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले, मग लक्षात आलं की भिंत धरली नव्हती. अजूनही लग्नसराईत जास्तीच्या पोळ्या लाटल्या की संध्याकाळी टाच हाक मारते. सासूबाई वीट तापवतात.

2024 ला पुन्हा गेले. वाल्हे सोडल्यापासून उजव्या कडेने चालले, प्रत्येक लिंबाखाली बघत. तो होता. तेच पोतं, तीच ऐरण. मला ओळखण्याचं काही कारण नव्हतं, हजारो पाय पाहिले असतील. मी काहीच न बोलता चपला काढून पुढ्यात ठेवल्या. त्याने उजवी उचलली, आत बोट फिरवलं, झिजून पातळ झालेल्या रबरावर थांबला. टाके डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"हे माझंच हाय," म्हणाला. मग माझ्या पायाकडे पाहिलं, आणि रापी हातात घेतली.