पोटरीला कोण विचारतं

हृदयाचं जरा जास्तच कौतुक होतं असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे काम करतं ते, नाही कोण म्हणतंय, मुठीएवढा स्नायू दिवसाला लाखभर वेळा आकसतो आणि आपण नुसते सोफ्यावर लोळत असलो तरी मिनिटाला पाचेक लिटर रक्त पुढे ढकलतो, त्याला नमस्कारच. कविता त्याच्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवरचे लाल बदाम त्याचे, सोसायटीत तपासणीचा कॅम्प लागतो तोही त्याचाच. पण रक्त नुसतं पाठवून भागतं का, ते परत पण आणायला लागतं की! पायाच्या अंगठ्यापासून छातीपर्यंत चार फुटांचा सरळ चढ आहे. महाधमनीतून निघताना पाऱ्याच्या १२० मिलिमीटरचा जो रुबाब असतो तो केशवाहिन्यांच्या जाळ्यातून गाळून शिरेच्या तोंडाशी येईपर्यंत १५ च्या आसपास उरतो, हेही माणूस आडवा असताना. परतीच्या या प्रवासाबद्दल कोणी काही बोलत नाही.

मला हा प्रश्न पडला तो रांगेत. सिंहगड पायी चढून उतरून आलं की पाय दुखतात, पण ते दुखणं वेगळं असतं, त्यात पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिसळलेलं असतं. गणपतीत दगडूशेठच्या रांगेत मात्र आपण काहीही केलेलं नसतं, नुसते उभे, तरी घरी आल्यावर पाय असे भरून येतात की चपलेचे पट्टे पावलावर उमटलेले दिसतात. काम जास्त कुठे केलं? गडावर. मग हे काय?

झालंय असं, की शिरांच्या भिंती पातळ असतात आणि ताणल्या जातात. एरवीसुद्धा अंगातलं जवळपास दोन तृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं. आपण उभे राहिलो की त्यातलं अर्ध्या लिटरच्या आसपास खाली पाय-पोटाकडे सरकतं आणि तिथेच रेंगाळतं. मग ते वर कोण ढकलतं? पोटरी. पोटरीच्या आत खोलवर मोठ्या शिरा आहेत, पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, शीर पिळली जाते, रक्त वर जातं. आणि वर गेलेलं खाली येऊ नये म्हणून शिरेत जागोजागी झडपा असतात, त्या म्हणजे मागच्या दाराने चढलेल्याला मागच्या दाराने उतरू न देणारा पुण्याच्या जुन्या पीएमटी बसचा कंडक्टर, पुढे चला, पुढे चला, बस. नुसतं उभं असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब ९० च्या घरात असतो आणि थोडी पावलं चाललं की तो ३० च्या आसपास उतरतो. अर्थात झडपा धड असल्या तर.

आमच्या काकांच्या नव्हत्या. काका उभं आयुष्य लक्ष्मी रोडवर एका दुकानात ड्रेस मटेरियलच्या काउंटरमागे उभे होते, गिऱ्हाईक समोर असताना बसायचं नाही हा तिथला नियम. घरी अर्ध्या चड्डीत असले की पोटरीवरून निळी-हिरवट वळणं घोट्याकडे उतरलेली दिसायची, लहानपणी मी त्यावर बोट दाबायचो, मऊ दबायची आणि बोट काढलं की परत टम्म. व्हेरिकोज व्हेन म्हणतात हा शब्द फार नंतर कळला. वरवरच्या शिरांमधली झडप नीट मिटत नाही, वरचं रक्त खाली उतरतं, त्या वजनाने शीर अजून फुगते, फुगली की खालची झडपही मिटेनाशी होते, असं ते खाली खाली जातं. डॉक्टरांनी घट्ट लांब मोजे दिले, ते सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी चढवायचे. काका म्हणायचे, "अरे, हे चढवण्यातच माझा दिवसाचा व्यायाम होतो, आता चालायला कशाला जाऊ?" दुपारी शटर खाली आलं की ते दुकानातच सतरंजीवर आडवे व्हायचे आणि पाय कापडाच्या ताग्यांवर. पुणेरी दुपारच्या झोपेवर लोकांनी खुशाल विनोद करावेत, पायाच्या शिरांना विचाराल तर तो उपचार होता.

या झडपांची गंमत म्हणजे त्या दिसल्या आधी आणि कळल्या नंतर. इटलीत पादुआला फॅब्रिशियस नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी झडपा नीट दाखवल्या पण त्यांना वाटलं की रक्त हातापायात एकदम भसकन जमू नये म्हणून निसर्गाने हे अडसर घातलेत. त्यांचाच विद्यार्थी विल्यम हार्वे, त्याने साधा हिशोब मांडला की हृदय एका ठोक्याला इतकं रक्त टाकतं तर अर्ध्या तासात अंगात असलेल्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त होतं, मग एवढं नवीन येतंय कुठून? म्हणजे तेच फिरून येत असणार. १६२८ साली त्याने हे छापलं, सोबत दंडाला पट्टी बांधलेल्या हाताची चित्रं दिली. तो प्रयोग सिग्नलला थांबल्या थांबल्या पण करता येतो (मागे बसला असाल तर). हात खाली सोडून शिरा फुगू द्यायच्या, मग हातावरच्या एका ठळक शिरेवर बोट दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त निपटत न्यायचं. दुसरं बोट उचललं तरी तेवढा तुकडा सपाटच राहतो, वरून काही येत नाही. पहिलं बोट उचला, खालून भर्रकन भरतो. मी आमच्या ऑफिसात एकाला दाखवलं तर तो म्हणाला हे शाळेत का नाही शिकवलं, सगळी आकृती नुसती हृदयाचीच, चार कप्पे, नावे द्या.

शाळेवरून आठवलं, १५ ऑगस्टला लांबलेल्या भाषणात कोणीतरी चक्कर येऊन पडायचंच. उपाशीपोटी आला असेल म्हणायचे. असेलही, पण सावधानमध्ये पोटऱ्या गप्प, रक्त खाली, मेंदूला कमी, मग शरीर स्वतःच आडवं होतं आणि आडवं झालं की चढच उरत नाही. त्याला लगेच उचलून खुर्चीत बसवणारे उत्साही सर मात्र सगळं मुसळ केरात घालायचे.

तर आता मी रांगेत टाचा वर-खाली करत राहतो. मागच्या गणपतीत बेलबाग चौकाच्या अलीकडे असाच हलत होतो तर मागचे आजोबा म्हणाले, "काय दिसतंय हो पुढे?" काही नाही म्हणालो, पण त्यांचा विश्वास बसेना, तेही चवड्यांवर उभे राहिले, मग त्यांच्या मागच्या काकू, मग त्यांचा नातू. बघायला तसं काहीच नव्हतं.