तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटिझमवरच्या संशोधनाला अनुदान कसं मिळतं?

“ऑटिझमवर संशोधन करायचंय, पैसे कोण देतं?” बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्राचे विद्यार्थी, विशेष शाळा चालवणाऱ्या संस्था हे हमखास विचारतात. देणाऱ्यांची नावं दोन मिनिटांत सांगून होतात. भारतात आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद), डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग), डीएसटीचा म्हणजे विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा कॉग्निटिव्ह सायन्स उपक्रम आणि सर्ब या जुन्या अनुदान मंडळाच्या जागी आलेली एएनआरएफ. परदेशात अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था एनआयएच, शिवाय सायमन्स फाउंडेशन आणि ऑटिझम स्पीक्स या खासगी संस्था. पुढचा प्रश्न विचारायला हवा तो हिशेबाचा, कारण चांगली कल्पना असलेले प्रस्तावही तिथेच मार खातात.

समजा, पालकांना प्रशिक्षण दिल्यावर मुलाच्या संवादात फरक पडतो का, हे दोन गट करून तपासायचंय. अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (मुलांचे गुण सरासरीपासून सहसा जितके पसरतात त्याच्या निम्मा) मध्यम फरक 80 टक्के पॉवरने, म्हणजे तो खरंच असेल तर सापडण्याची 80 टक्के शक्यता ठेवून पकडायचा, तर दर गटात 64 मुलं लागतात. पाचातलं एक कुटुंब मधेच गळेल असं धरलं की 80, दोन्ही मिळून 160. सुरुवातीची आणि शेवटची तपासणी धरून 320 बैठकांची तयारी ठेवायची. मुलाशी खेळत-बोलत ऑटिझमची लक्षणं तपासणारी एडीओएस-2 चाचणी 40 ते 60 मिनिटांची, पण गुणांकन आणि पालकांशी बोलणं धरलं तर एका मुलामागे अर्धा दिवस सहज जातो. मूल नव्या खोलीत बावरलं, रडून दमलं, की पुन्हा बोलवावं लागतं. एका माणसाने आठवड्याला पाच बैठका नीट केल्या तरी 64 आठवडे झाले. त्यात सुरुवातीचे महिने परवानग्या आणि भरतीतच जातात. तरीही कित्येक प्रस्तावांत दोन वर्षं आणि एकच जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) दिसतो! शिवाय शेवटची तपासणी करणाऱ्याला कोणतं मूल कोणत्या गटात आहे हे कळता कामा नये, त्यामुळे प्रशिक्षण देणारा आणि तपासणारा वेगळे हवेत. जून 2023 च्या आदेशानुसार नेट परीक्षा पास झालेल्या जेआरएफला दरमहा 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. दोघांचे दोन वर्षांचे, भत्ता सोडून, 17 लाख 76 हजार. हा आकडा बघून हात आखडता घेऊ नका. माणसं कमी दाखवली की परीक्षकाला लगेच कळतं, काम झेपणार नाही.

दुसरा विसरला जाणारा खर्च साधनांचा. एडीओएसचा संच विकत घ्यावा लागतो, दर मुलामागे नोंदवही वेगळी. संशोधनात वापरणाऱ्याने गुणांकनात प्रशिक्षकाच्या गुणांशी किमान 80 टक्के जुळणी दाखवावी लागते, त्याच्या प्रशिक्षणाचे पैसे वेगळे मांडा. आपल्याकडची आयएसएए मापनपट्टी स्वस्त आणि सोपी: 40 मुद्दे, प्रत्येकी 1 ते 5 गुण, 70 पासून पुढे ऑटिझम. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ती चालते, पण काही महिन्यांतला बारीक बदल टिपायला आमच्या मते ती बोथट आहे.

मुख्य मोजमाप उपचाराच्या जितकं जवळ, म्हणजे जे शिकवलं तेच थेट मोजलं, तितकी मुलं कमी लागतात. गोव्यात ‘संगाथ’ या स्वयंसेवी संस्थेने केलेला आणि पाकिस्तानात रावळपिंडीलाही झालेला ‘पास’ हा पालक-प्रशिक्षणाचा अभ्यास बघा. पैसे ऑटिझम स्पीक्सचे, निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. मुलं फक्त 65. आई किंवा बाबा मुलाशी खेळतानाचं चित्रीकरण करायचं, ते त्यांच्यासोबत बसून बघायचं, मुलाने काय सुचवलं आणि पालकाने ते कसं उचललं हे टिपायचं. हे काम तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केलं. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. पण पालक आणि मूल दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र घटला, आणि तेही संशोधकांनी छापलं. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

पालकांचा प्रवास आणि बुडालेली मजुरी यांची ओळ अंदाजपत्रकात हवीच. सावंतवाडीहून गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) मुलाला आणायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. ही रक्कम नसेल तर गरीब घरातली मुलं आधी गळतात आणि उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष सगळ्यांना लागू पडत नाही.

नैतिक समितीसाठी: 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी, 12 ते 18 ची लेखी सहमती, शिवाय पालकांची संमती. न बोलणाऱ्या मुलाचा नकार कसा ओळखणार, हे स्पष्ट लिहा. हात झटकला, दाराकडे ओढू लागलं, तर बैठक थांबेल. उपचाराची चाचणी असेल तर पहिलं मूल घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. पैसा परदेशी असेल तर आयसीएमआरमार्फत एचएमएससीची (आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची) मंजुरी, तिला काही महिने धरा. स्वयंसेवी संस्थेला एफसीआरए (परदेशी निधी घेण्याच्या कायद्याखालची नोंदणी) लागतं, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून भागीदार संस्थेचा करार आधी ठरवा. पालक संघटनांनी एकट्याने अर्ज करण्यापेक्षा वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर सह-अर्जदार व्हावं.

मंजुरीपत्र हाती पडलं तरी पुढचा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामासाठी वापरल्याचा दाखला) दिल्याशिवाय येत नाही. ते केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-ए नमुन्यात, खर्चाच्या तपशिलासह, मार्च संपताच द्या. हप्ता लांबला तर पगार थांबतात, शिकवून तयार केलेली माणसं सोडून जातात आणि नव्यांना पुन्हा 80 टक्के जुळणीपर्यंत आणावं लागतं. तेवढ्या काळात पगार आगाऊ देऊ, असं संस्थेच्या लेखा विभागाकडून अर्जाआधीच लेखी घेऊन ठेवा.