कुठल्यांपैकी तुम्ही?

स्वयंपाकघरातला नळ तीन रात्री टिपटिपत राहिला आणि चौथ्या दिवशी दुपारी प्लंबर आला. साठी ओलांडलेला, दोन्ही गुडघ्यांना जाड गाद्या बांधलेला, सिंकखालच्या कपाटात अर्धा शिरून तिथूनच गप्पा मारणारा माणूस. लिव्हरपूलमध्ये अशा वेळी आधी हवेविषयी बोलावे लागते, ते बोलून झाले. मग पाना फिरवता फिरवता त्याने विचारले, ‘‘तुम्ही मूळचे कुठले?’’ मी सवयीने ‘भारत’ म्हणालो. ‘‘ते दिसतंय. गाव कुठलं?’’ मी पुणे म्हणालो. त्यावर कपाटातून आवाज आला, ‘‘ते शहर झालं. गाव?’’

इंग्लंडमध्ये बारा वर्षे काढल्यावर हा प्रश्न इतक्या अस्सल मराठी पद्धतीने मला प्रथमच विचारला जात होता. समोरच्याचे मूळ गाव कळेपर्यंत आपले समाधान होत नाही. माणूस सहप्रवासी असो, डॉक्टर असो किंवा मुलीकडचा असो, तो जन्मला वाढला कुठे हे गौण असते आणि पणजोबांनी कुठले गाव सोडले हे महत्त्वाचे असते. मला स्वतःला हे व्यसनच आहे. आडनावामागे ‘कर’ दिसला की मी मनातल्या मनात नकाशा उघडतो, आणि गाव सापडले नाही की तो माणूस काही तरी लपवतो आहे असे वाटू लागते.

हा गृहस्थ निघाला उत्तर वेल्समधल्या बाला नावाच्या गावाजवळचा. त्यांच्याकडे विचारतात ते शब्दशः मराठीत आणले तर ‘कुठल्यांपैकी एक तुम्ही?’ असे होईल, हे त्यानेच मला समजावले. ‘कुठले तुम्ही’ यापेक्षा हे मला जास्त चोख वाटले, कारण गावाबरोबर गावची माणसेही त्या प्रश्नात आली. मग मी उलट तोच प्रश्न त्याला केला. तो कपाटातून बाहेर आला, कमरेवर हात ठेवून सरळ झाला, नव्या नळाची तोटी उघडली आणि पडणाऱ्या धारेकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘माझ्या आईचं घर याच्याखाली आहे.’’ ‘आईचं घर’ हे त्याचे शब्द. मी ‘माहेर’ ऐकले.

त्या वाडीचे नाव कापेल केलिन. वाडीच म्हणायला हवे, कारण गाव म्हणावे एवढे ते नव्हतेच. त्रवेरिन नदीच्या दरीत एक चॅपेल, एक शाळा, एक पोस्ट, त्यांच्या आसपास थोडी घरे, आणि मग दोन्ही अंगांच्या चढावर विखुरलेली शेतघरे, दगडी बांध आणि मेंढ्या. केलिन म्हणजे हॉली, नाताळात दाराला लावतात ते काटेरी पानांचे आणि लाल फळांचे झाड. म्हणजे ‘हॉलीचे चॅपेल’. झाडावरून वस्तीला नाव देण्याची रीत आपल्याला काही नवी नाही. वडगाव, पिंपळगाव, बाभुळगाव, आंबेगाव. (आंबेगावकडे नंतर येतो.)

वेल्समध्ये आडनावांचा तुटवडा आहे. जोन्स, एव्हन्स, रॉबर्ट्स, विल्यम्स अशा मोजक्या आडनावांत दऱ्याच्या दऱ्या भागवतात, त्यामुळे माणूस ओळखायचा तो त्याच्या शेताच्या नावाने. त्या दरीतल्या एका शेताचे नाव काय वादोग असे होते. वेल्शमध्ये शेताला ‘काय’ म्हणतात, हे कळल्यावर मी इतका हसलो की प्लंबरला कारण सांगावे लागले, आणि सांगितल्यावर ते त्याला मुळीच विनोदी वाटले नाही. दुसरे शेत हावोद वादोग. हावोद म्हणजे उन्हाळ्यात गुरे घेऊन वर डोंगराच्या कुरणात राहायला जायचे ते घर, आणि खाली दरीतले थंडीचे, कायमचे घर ते हेन्द्रे. या हावोद वादोगच्या आवारात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे जुने दफनस्थान होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस छळाला कंटाळून या भागातले बरेच क्वेकर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेले, आणि जाताना दुसरे काही नेता आले नसेल तरी नावे घेऊन गेले. फिलाडेल्फियाला लागून आजही एक बाला आहे.

लिव्हरपूलला पाणी हवे होते. वेल्सचे पाणी या शहराला नवे नव्हते. १८८० च्या दशकात व्हर्नवीचे धरण बांधून लानूधिन नावाचे अख्खे गाव त्याने आधीच पोटात घेतले होते. त्रवेरिनवर धरण बांधायचे ठरले तेव्हा लिव्हरपूलच्या महापालिकेने थेट लंडनच्या संसदेत स्वतःचे विधेयक नेले, म्हणजे वेल्समधल्या कुठल्याही स्थानिक नियोजन मंडळाची परवानगी घेण्याचा प्रश्नच उरला नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये वाडीतली माणसे, पोरेबाळे धरून, लिव्हरपूलला आली आणि ‘तुमची घरे सुरक्षित आहेत, आमची बुडवू नका’ अशा अर्थाचे फलक घेऊन याच रस्त्यांवरून चालली. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ विरोधात होते असे सांगतात. १ ऑगस्ट १९५७ रोजी कायदा झाला.

पुढचे सगळे रीतसर पार पडले. १९६३ च्या उन्हाळ्यात शाळा बंद झाली आणि सप्टेंबरात चॅपेलमधली शेवटची प्रार्थना झाली. दरीत राहणाऱ्या ६७ जणांपैकी ४८ जणांची घरे गेली. स्मशानातल्या आठ जणांना नातलगांनी दुसरीकडे हलवले; बाकीचे होते तिथेच राहिले आणि त्यांच्यावर काँक्रीट ओतण्यात आले. २१ ऑक्टोबर १९६५ रोजी धरणाचे उद्घाटन झाले, ते निदर्शकांच्या गोंधळात काही मिनिटांतच उरकावे लागले. लिव्हरपूलच्या महापालिकेने माफी मागितली २००५ मध्ये. प्लंबरच्या आईने ती वाचली होती का, हे विचारायचे माझ्या जिभेवर आले होते, पण तो तेव्हा वॉशर बसवत होता.

एक मात्र खरे, की तोटीकडे बोट दाखवताना त्याने तपशिलात थोडी सूट घेतली होती. त्या तळ्यापासून लिव्हरपूलपर्यंत नळ टाकलेलाच नाही. धरण पाणी अडवून ठेवते आणि डी नदी रोडावली की सोडते. ते पाणी बालाजवळ डीला मिळते, नदीच्या अंगाने रमतगमत चेस्टरपर्यंत येते आणि तिथे उपसून, शुद्ध करून शहराला दिले जाते. धरणाच्या खालच्या अंगाला त्या सोडलेल्या पाण्यावर आता लोक हेल्मेट घालून रबरी होड्यांतून आरडाओरडा करत खाली येतात. त्यांच्यात मीही एकदा होतो, हे मी त्याला सांगितले नाही.

अॅबरिस्टविथच्या दक्षिणेला हमरस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर साठच्या दशकात कुणी तरी ‘त्रवेरिन आठवा’ असे वेल्शमध्ये रंगवले, आणि ती भिंत आता त्या देशाच्या काळजाचा तुकडा झाली आहे. २०१९ मध्ये कुणी तिची नासधूस केली, तेव्हा लोकांनी ती पुन्हा उभी केलीच, शिवाय वेल्सभर भिंतीभिंतींवर तीच अक्षरे उमटली. मला त्या ओळीतले व्याकरण आवडते. आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दाचे शेपूट बदलते, घोड्याला, गावाला. वेल्शमध्ये डोके बदलते. त्यामुळे ‘आठवा’ म्हटले की त्रवेरिनचे द्रवेरिन व्हायला हवे, आणि भिंतीवर पहिल्यांदा लिहिताना घाईत नेमके तेच राहून गेले होते. चूक पुढे दुरुस्त झाली. शुद्धलेखनावरून माणसे तोडणाऱ्या माझ्यासारख्याला त्या पहिल्या चुकीबद्दल एक अक्षरही बोलावेसे वाटत नाही.

आता आंबेगाव. पुणे जिल्ह्यात आंबेगाव नावाचा तालुका आहे, सातबाऱ्यावर आहे, बसच्या पाटीवर आहे, माझ्या जातीच्या दाखल्यावरही आहे. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात आहे, आणि कचेऱ्या घोडेगावला आहेत. माझे आजोबा त्या गावातले. लहानपणी त्यांचे बोट धरून घोडेगावला गेलो होतो, तेव्हा खिडकीमागच्या कारकुनाने विचारले, ‘‘आंबेगाव तालुका की आंबेगाव गाव?’’ आजोबा म्हणाले, ‘‘गाव.’’ कारकून म्हणाला, ‘‘बाबा, ते पाण्यात गेलं. तालुका लिहा.’’ आजोबांनी टोपी काढली, टक्कल पुसले, टोपी घातली आणि ‘गाव’ लिहिले. अर्ज परत आला. दुसऱ्या खेपेसही त्यांनी तेच लिहिले. तिसऱ्या खेपेस वडील गेले आणि काम झाले. परतीच्या एसटीत आजोबांनी मला खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन दिली होती, एवढेच त्या प्रवासाचे मला स्वच्छ आठवते. बाकीचे वडिलांनी इतक्या वेळा सांगितले आहे की आता ते मलाच आठवते असे वाटते.

प्लंबरला त्या तळ्याचा राग नव्हता. त्याला चीड होती ती तिथे गाड्या थांबवून ‘किती सुंदर तळं!’ म्हणणाऱ्यांची. कोरड्या उन्हाळ्यात पाणी खाली गेले की बांधांचे दगड आणि झाडांचे बुंधे वर येतात, आणि मग तर फोटो काढायला झुंबड उडते. त्याची आई एकदाच गेली होती म्हणे. गाडीतून उतरली नाही. काच खाली करून मावशीच्या शेतापासून सुरुवात करून एकेका शेताचे नाव क्रमाने घेत गेली, जणू हजेरीच घेते आहे.

काम संपले. त्याने पावतीपुस्तक काढले आणि माझे आडनाव विचारले. मी ‘आंबेगावकर’ सांगितले आणि एकेक अक्षर फोडून दिले. ‘‘याचा अर्थ काय?’’ मी म्हटले, ‘‘आंबेगावच्यांपैकी.’’

‘‘मग मघाशी पुणे का म्हणालात?’’

मी डिंभ्याचे सांगितले, थोडक्यात. त्याने पेन पावतीवर तसेच टेकवून धरले होते, आणि तिथे शाईचा एक गोल ठिपका मोठा होत गेला. मग त्याने विचारले, ‘‘आणि ते तळं? सुंदर आहे?’’

भीमाशंकरच्या वाटेवर पावसाळ्यानंतर ते डोळ्यांत मावत नाही, आणि दर वेळी मी गाडी थांबवून फोटो काढतो. ‘‘हो,’’ मी म्हणालो, ‘‘फार.’’

त्याने मान हलवली आणि पावती फाडून दिली. बिलात एक पेनीही कमी केलेली नव्हती.