नाडी लागत नसताना जुलाब

प्रॅक्टिस सोडून फिलाडेल्फियाला आल्यापासून मी जुन्या वैद्यकीय कागदांच्या टाइप केलेल्या प्रती मुळाशी ताडून बघते. बहुतेक दिवस शाईचे डाग आणि स्पेलिंग यांतच जातात.

त्या दिवशी समोर आला व्हर्जिनियातल्या अर्बाना गावचा डॉ. जॉन मिचेल. 1741-42च्या तापावरचं (तो त्याला पीतज्वर, म्हणजे डासांनी पसरणारा यलो फिव्हर समजत होता) त्याचं टिपण बेंजामिन फ्रँकलिनच्या हाती गेलं, आणि 1745 मध्ये त्यानं ते न्यू यॉर्कच्या कॅडवालडर कोल्डनला वाचायला धाडलं. कोल्डनही डॉक्टर. त्याच्या मते पीतज्वराचं मूळ साचलेल्या पाण्यात आणि घाणीत. कारणमीमांसा चुकली खरी, पण गटारं उपसल्यानं निदान रोगी तरी मरत नाही!

मिचेलचं तसं नव्हतं. नाडी जेमतेम हाताला लागतेय, रोगी पार गळालाय, तरी मी जुलाब दिला आणि नाडी, ताकद दोन्ही परत आली, असं तो छातीठोकपणे लिहितो. मी तिथेच थबकले. सिंधुदुर्गात भातलावणीनंतर लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे पेशंट यायचे. डोळे हळदीसारखे, लघवी आटलेली, बीपी लागत नाही. हात आधी सलाइनकडे जायचा. अशाला रेचक? आणि गंमत म्हणजे, मिचेलनं पाहिलेला ताप पीतज्वर नसून लेप्टोच असावा, अशी शंका वैद्यकाच्या इतिहासकारांनीच घेतली आहे.

तरीही माझा राग मिचेलवर नाही. त्यानं प्रेतं उघडून पाहिली, जे दिसलं ते लिहिलं. राग फिलाडेल्फियाच्या डॉ. बेंजामिन रशवर आहे. 1793 मध्ये याच शहरात, सुमारे 50,000 वस्तीत, पीतज्वरानं 5,000च्या आसपास माणसं गेली. उपाय हरलेल्या रशनं फ्रँकलिनकडून मिळालेली ही जुनी प्रत काढली, याच ओळी वाचल्या आणि त्याला एकदम वाट सापडली. दहा ग्रेन (जुनं वजनाचं माप) कॅलोमेल, पंधरा ग्रेन जलाप; पहिलं पाऱ्याचं, दुसरं मुळाचं, दोन्ही जोरदार रेचकं. वर शिरा कापून रक्त काढणं. तेही शरीरात आहे त्याच्या दुप्पट रक्त असतं असं धरून. असे किती रोगी बरे झाले, किती दगावले, हे मिचेलला विचारायला तो हयात नव्हता.

मी समासात टीप घातली: या अवस्थेत रेचक म्हणजे उरलंसुरलं पाणीही काढून घेणं. वरिष्ठांनी ती खोडली. आपलं काम मजकूर जुळवण्याचं, इलाजाचं नाही, म्हणाले. नियमाला धरून होतं, मी पुढचं पान घेतलं.