डोळसाला हाक न मारता डेबियन

जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) चढवायचं, तेही घरातल्या कुणालाही हाक न मारता, असं ठरवलं होतं. मला दिसत नाही, रोज मी एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर असतो, पण ते विंडोज उभं राहिल्यावर. कोऱ्या मशीनवर कोण बोलणार? डेबियनच्या इन्स्टॉलरमध्येच आवाज आहे, म्हणून तिथून सुरुवात.

शनिवार
पेनड्राइव्ह तयार, पण बायोस, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगचा पडदा, मुका. यूएसबी वरच्या नंबरावर आणायला लेकीला बसवावं लागलं. अट तिथेच मोडली. मी ते धरत नाही.

बूट मेनू आला की मशीन बीप देतं. बोलत्या इन्स्टॉलरसाठी एस, एंटर. मग पंख्याची घरघर आणि शांतता. थोडं थांबून उतावीळपणे एंटर मारला, तिथेच घात झाला. साउंडकार्डं एकाहून जास्त असली की इन्स्टॉलर पाळीपाळीने एकेकातून बोलतो. ऐकू आलं की एंटर दाबायचा. पहिली पाळी टीव्ही-मॉनिटर जोडायच्या एचडीएमआयची असणार, आणि त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. मी त्या मुक्यालाच होकार देऊन बसलो! मशीन बंद, पुन्हा बीप, पुन्हा एस. या वेळी दोन्ही हात मांडीखाली घेतले. बोलला.

पुढे सोपं. पर्याय आकड्यांसकट वाचले जातात, आकडा टाइप करून एंटर. अडलं तर प्रश्नचिन्ह टाका, मदत मिळते. पार्टिशनचा, म्हणजे डिस्कचे भाग पाडायचा, प्रश्न मात्र तीनदा ऐकला.

रविवार
लॉगिनच्या पडद्यावरच ऑर्का, लिनक्सवरचा पडदा वाचणारा प्रोग्रॅम, बोलायला लागला. बोलत्या इन्स्टॉलरने टाकलं की तो आपोआप चालू असतो. (विंडोजवर असाच एक प्रोग्रॅम आहे, जॉज. जॉज म्हटलं की शार्कचा जबडा, आणि ऑर्का हा देवमासा शार्कचीही शिकार करतो. नाव ठेवणारा खवचट होता.) लॅपटॉपची मांडणी निवडली, त्यात कॅप्सलॉक ही ऑर्काची कळ. कॅप्सलॉक आणि एच दाबून लर्न मोडमध्ये अर्धा तास नुसत्या कळा बडवल्या. प्रत्येक कळ काय करते ते तो सांगतो. एस्केपने बाहेर.

मराठीला इस्पीक एनजी या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवाज. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, पण मला चालतो. हिंदी आवाजात ज्ञानेश्वरांचे ‘ग्यानेश्वर’ होतात, ते कानाला टोचतं. वेग वाढवला की पत्रा जाणवत नाही.

पुढच्या शनिवारी विंडोजचा सेटअप, कंट्रोल-विंडोज-एंटरने नरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा वाचक, लावून. लेकीला आधीच बाहेर पाठवणार आहे.