दर ठोक्याला बदलणारी किक

गणपतीला तीन आठवडे उरलेले. ढोल-ताशाचा ट्रॅक, वेग मिनिटाला १२८ ठोके, सूर पांढरी पाच. ढोल नदीपात्रातल्या सरावात रेकॉर्ड केलेला, त्यातलं एक आवर्तन कापून लूप केलेलं. त्याखाली फक्त किक, म्हणजे बास ड्रमचा खोल ठोका, घालायची होती. सदाशिव पेठेतल्या स्टुडिओत पथकातला मुलगा ऐकायला बसला होता. चौथ्या आवर्तनाला म्हणाला, "दादा, मधेच पोकळ होतंय."

खरंच होत होतं. लूप तोच, किकची नोट तीच, व्हेलॉसिटी (नोटेचा जोर) सगळीकडे १००. तरी एक ठोका छातीवर बसायचा आणि पुढचा पुठ्ठ्यावर मारल्यासारखा.

किक व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये बांधलेली. त्यातल्या बेसिक शेप्स या लाटांच्या संचातली साइन (साधी गोल लाट), मिडी नोट ३१, म्हणजे पांढरी पाचच्या खालच्या सप्तकात ४९ हर्ट्झ. आवाजाच्या एन्व्हलपला (वेळेनुसार चढउताराचा आराखडा) डिके, म्हणजे विरण्याचा काळ, ३२० मिलिसेकंद. १२८ च्या वेगात दोन ठोक्यांमध्ये ४६९ मिलिसेकंदांचं अंतर असतं, त्यामुळे शेपूट पुढच्या ठोक्यावर चढत नाही. दुसरा एन्व्हलप पिचवर, ३६ सेमीटोन वरून ४५ मिलिसेकंदांत खाली, म्हणजे ३९२ हर्ट्झवरून ४९ वर. हा उतार सरळ रेषेत ठेवला तर लेझर बंदुकीसारखा 'पिऊ' येतो आणि १५० मिलिसेकंदांपर्यंत ताणला तर टॉम ड्रमसारखा वाजतो. सुरुवातीला झपकन पडणारा, मग सावकाश टेकणारा वक्र लागतो. वर ६ मिलिसेकंदांचा नॉइज, २ किलोहर्ट्झखालचं कापून.

पहिला संशय अर्थातच कॉम्प्रेसरवर, म्हणजे मोठा आवाज दाबणाऱ्या इफेक्टवर. बायपास केला, फरक नाही. किक सोलो केली, म्हणजे एकटी वाजवली, तर मीटर जवळजवळ स्थिर. इथेच अर्धा तास गेला, कारण सोलोतलं मीटर फसवतं: साइन कुठूनही सुरू झाली तरी तिची उंची तीच राहते. ढोल परत चालू केला की मीटर ठोक्यागणिक ४ डेसिबलपर्यंत हलत होतं.

मग किक ऑडिओत उतरवली आणि आठ ठोके एकाखाली एक लावून झूम केलं. एकाची लाट वर जात होती, एकाची खाली, एक तर सरळ शिखरावरूनच सुरू. ऑसिलेटरचा (लाट तयार करणाऱ्या भागाचा) रँडम फेज १००, म्हणजे दर नोटेला लाट वेगळ्याच जागेवरून सुरू! कोऱ्या प्रीसेटमध्ये तो तसाच असतो. पॅडला, म्हणजे लांब पसरलेल्या सुरांना, ते उत्तम, किकला घातक. ढोलाच्या थापीचा जोर याच पट्ट्यात, त्यामुळे कधी दोघांची बेरीज, कधी वजाबाकी. रोलँडच्या टीआर-८०८ (१९८०) या ड्रम मशीनमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे ट्रिगरचा झटकाच सर्किटला घुमवतो, म्हणून लाटेची सुरुवात ठोक्याला बांधलेली.

रँडम शून्यावर आणला. लाट शून्यावरून वर चढते तिथपर्यंत फेजचा नॉब फिरवला. शिखरावरून सुरू झाली तर 'टक' असा फुकटचा क्लिक येतो. युनिसन एक, व्हॉइस एक, म्हणजे एका वेळी एकच लाट. लेगाटो बंद, नाहीतर नोटा एकमेकींना चिकटल्या की एन्व्हलप नव्याने सुरूच होत नाही.

ठोके आता एकसारखे, पण सगळेच किंचित पोकळ! ढोल सतत थोडा उशिरा पडत होता. ४९ हर्ट्झची एक लाट सुमारे २० मिलिसेकंदांची, म्हणजे १० मिलिसेकंद उशीर झाला की थेट वजाबाकी. पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवून पाहिली; तळ भरला, पण ढोलाची थाप मागेच राहिली. शेवटी पोलॅरिटी पूर्ववत करून ढोलाचा लूप ७ मिलिसेकंद अलीकडे ओढला. ट्रॅकवर ढोल प्रत्यक्ष वाजणार असता तर हा उपाय चालला नसता, कारण वादकाचा उशीर दर थापेला वेगळा. तेव्हा ढोलाचा ७० हर्ट्झखालचा भाग कापून तळ किकला देतो.

मुलाने लगेच मोबाइलवर लावून पाहिलं. किक गायब. त्या स्पीकरला ४९ हर्ट्झ झेपतच नाही, म्हणून थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) दिलं: १४७ आणि २४५ ला हार्मोनिक (पटीतले वरचे सूर) उभे राहिले आणि किक कुठे पडतेय ते कळायला लागलं. तो म्हणाला, "अजून थोडं द्या ना." दिलं नाही, त्यापुढे ताशाच्या मधे घुसत होतं.